ओताऱ्याची घुंगरं

नदीकाठच्या एका गावात एक ओतारी राहत असे. येसाजी त्याचं नाव. पितळ वितळवून साच्यात ओतायचं आणि देवळाच्या घंटेपासून गाईच्या गळ्यातल्या घाटीपर्यंत जे जे वाजेल ते घडवायचं, हा त्याचा पिढीजात धंदा. त्याची भट्टी लहान होती, पण कान मोठा तयार होता. घंटेवर टिचकी मारून तो डोळे मिटून सांगे, "हिच्या पोटात चीर आहे." इतरांना दिसो न दिसो, चीर असायचीच. या कानाचा त्याला फार अभिमान. आपल्या कानाला पटलं ते खरं, बाकी सगळ्या बाजारगप्पा, असं तो मानी.

येसाजीला एक लेक होती, पाच वर्षांची बकुळा. घरात तिला बकू म्हणत. बकूचे पाय काही जमिनीवर ठरत नसत. भट्टीचा भाता हुस्स-फुस्स करू लागला की ती त्या तालावर डुले. आई सुपात तांदूळ पाखडायला बसली की ही सुपासमोर गिरकी घेई. अंगणातली कोंबडी मान पुढं-मागं करत निघाली की तिच्या मागून तश्शीच मान हलवत बकूची मिरवणूक निघे. कोंबडीला हे मुळीच आवडत नसे. येसाजीला मात्र काम करता करता त्या इवल्या पावलांची थपथप ऐकू येई आणि त्याचा हात हलका होई. का होतो, याचा विचार त्यानं कधी केला नव्हता.

गावात दरवर्षी देवीची जत्रा भरे. पालखी निघाली की तिच्यापुढं गावातली मुलं नाचत. त्यांना शिकवत केशराबाई. तरुणपणी त्या मोठमोठ्या दरबारांत नाचल्या होत्या. आता केस पिकले होते आणि त्यांच्या ओसरीवर रोज संध्याकाळी पोरांचा चिवचिवाट असे. त्या वर्षी पालखीपुढं पहिल्या रांगेत नाचली शेजारच्या भागोजी कासाराची मंजुळा. ती बकूपेक्षा चांगली मोठी होती आणि मन लावून शिकली होती. लोकांनी वाहवा केली. भागोजीनं मिशीला पीळ देत येसाजीकडं पाहिलं. बिचाऱ्यानं सहजच पाहिलं असेल, पण येसाजीला ते फार झोंबलं.

घरी आल्या आल्या त्यानं जाहीर केलं, "पुढच्या जत्रेत पालखीपुढं पहिली आपली बकू!"

बायको अनसूया भाकरी थापत होती. ती म्हणाली, "अहो, पण तिला विचारलंत का?"

"पाच वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? नाहीतरी दिवसभर नाचतच असते."

"ती तिच्या मनानं नाचते," अनसूया म्हणाली. येसाजीचा कान तयार होता खरा, पण बायकोचं बोलणं ऐकण्यापुरता नव्हे.

दुसऱ्याच दिवशी एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात बकू धरून तो केशराबाईंच्या ओसरीवर गेला. मुलं नाचताना दिसताच बकू बापाचा हात सोडून पळाली आणि त्यांच्यात जाऊन उभीही राहिली. केशराबाई हसल्या. "पोर आपण होऊन आली, हे छान झालं. आता थोडे दिवस तुम्हीही या कोपऱ्यात बसा. मी कशी शिकवते, पोरीशी कशी बोलते, ते बघा. पसंत पडलं तर ठेवा."

"बघायचं काय त्यात, बाई? जत्रेत पहिल्या रांगेत येईल ना, तेवढं सांगा."

"ते तिचे पाय सांगतील. एवढीशी लेकरं माझ्याकडं पळतात, उड्या मारतात, टाळ्या पिटतात. घुंगरं तर इतक्यात नाहीतच. घोटे कोवळे असतात." मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "लेक इथं ठेवा, येसाजीराव. घाई तेवढी घरी घेऊन जा."

येसाजीनं घाई घरी नेली आणि तिथं ती चांगली पोसली.

घुंगरांची गोष्ट तर त्याच्या जिव्हारीच लागली. ओताऱ्याच्या पोरीच्या पायात घुंगरं नाहीत? लोक म्हणतील, सुताराच्या घरी बसायला पाट नाही! त्याच्या लेखी नाच म्हणजे घुंगरांचा आवाज. आवाज जितका भरदार, तितका नाच थोर. त्यानं उत्तम पितळ निवडलं, साचे घडवले आणि अशी घुंगरं ओतली की राजाच्या हत्तीला हेवा वाटावा. वजनही हत्तीलाच शोभेल असं होतं. जाड सुतळीत ती ओवून त्यानं बकूच्या पायांना वेढ्यावर वेढे बांधले आणि भट्टीसमोर रोज तालीम सुरू केली. स्वतः डोळे मिटून ऐकत बसे. जरा ठेका हलला की ओरडे, "पाऊल चुकलं! पुन्हा!" आणि वर सांगे, "त्या मंजुळेकडं बघ जरा!"

एवढ्यानं भागलं नाही. संध्याकाळी केशराबाईंच्या अंगणातल्या तुळशीमागं उभं राहून तो बकूला हातवारे करी. बाईंनी हटकलं की तेवढ्यापुरता बाजूला होई. घरच्या तालमीचं मात्र त्यानं बाईंना कळू दिलं नाही, आणि बकूही काही बोलली नाही.

थोड्याच दिवसांत बकूचं पोट दुखू लागलं. पोट मोठं शहाणं होतं. बरोबर तालमीच्या वेळी दुखायचं. पुढं पुढं ती ओसरीवर जायची वेळ झाली की कणगीमागं लपू लागली. येसाजी म्हणाला, "नवी नवी टाळाटाळ आहे, जाईल." त्यानं तालीम वाढवली.

एके दिवशी सकाळी तो एक नवी घंटा पारखत होता. टिचकी मारली, तर त्याला आवाज बद्द वाटला. त्यानं घंटा वितळवून पुन्हा ओतली. पुन्हा बद्द. त्याला धडकी भरली. "अनसूये, माझा कान गेला की काय गं? काहीतरी कमी ऐकू येतंय."

अनसूयेनं घंटेकडं पाहिलंसुद्धा नाही. "घंटा चांगली आहे," ती म्हणाली. "घर बद्द वाजतंय. ती कोंबडी बघा."

येसाजीनं अंगणात पाहिलं. कोंबडी मान हलवत चालली होती. तिच्यामागं कुणी नव्हतं. मधूनच ती थांबे आणि मागं वळून बघे. बकू पायरीवर बसली होती, दोन्ही पाय परकरात ओढून घेतलेले. भाता सुरू होता, सूप वाजत होतं, आणि पावलांची थपथप काही येत नव्हती.

"बकू, नाच की जरा," येसाजी शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाला.

"पाऊल चुकेल," बकू म्हणाली.

घंटेची चीर ओळखणाऱ्या त्याला आपल्या लेकीला गेलेली चीर ऐकू आली नव्हती. पण माणसाचा स्वभाव बघा, चूक आपली असेल हे अजूनही त्याच्या मनात येईना. संध्याकाळी बकूला घेऊन तो तडक केशराबाईंकडं गेला. "बाई, माझी पोर नाचेनाशी झाली! घरी तर मी काही कमी केलं नाही." आणि पुरावा म्हणून त्यानं पिशवीतून घुंगरं काढून पुढं ठेवली.

केशराबाईंनी घुंगरं उचलून पाहिली. मग बकूचा परकर घोट्यावरून थोडा वर सरकवला. सुतळीचे लाल वळ उठले होते. बाईंनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "बांधा."

"आत्ता? तिच्या पायात?"

"तुमच्या पायांत. आणि नाचा."

येसाजीला वाटलं, बाई थट्टा करतायत. पण त्या हसत नव्हत्या. ओसरीवर सगळी पोरं होती. मंजुळेला न्यायला आलेला भागोजी कासार खांबाला टेकून उभा होता. रस्त्यानं जाणारे दोघे-चौघे थबकले होते. येसाजीला दरदरून घाम फुटला. उद्या बाजारात तोंड कसं दाखवायचं? निघून जावं म्हणावं तर कुणी अडवलं नव्हतं, पायऱ्या समोरच होत्या. त्यानं बकूकडं पाहिलं. किती दिवसांनी तिनं मान वर केली होती. डोळे मोठे करून ती बापाकडं बघत होती. येसाजी मटकन खाली बसला आणि त्यानं घुंगरं पायांत बांधली.

"बकू, आज गुरू तू," केशराबाई म्हणाल्या.

येसाजीनं एक पाय उचलला. भांड्यांची उतरंड कोसळावी तसा आवाज झाला. दुसरा पाय उचलायचा तर त्यानं पुन्हा पहिलाच उचलला. पोरांनी तोंडं दाबून धरली. आणि तेवढ्यात बापाचाच आवाज काढून बकू कडाडली, "पाऊल चुकलं! पुन्हा!"

ओसरी फुटल्यासारखी हसली. येसाजीनं पुन्हा पाय उचलला. पुन्हा चुकलं. "बाबा, त्या मंजुळेकडं बघा जरा!" बकू म्हणाली. येसाजीनं खरोखर मंजुळेकडं बघितलं, पायात पाय अडकला आणि तो धपकन खाली बसला. भागोजी पोट धरून हसत होता. येसाजी धापा टाकत घोटे चोळू लागला. सुतळी चांगलीच रुतली होती.

"बकू, पाय दुखतात गं," तो म्हणाला.

"माझे पण दुखायचे."

हसणं थांबलं.

"मग सांगितलं का नाहीस, बाळा?"

"तुम्ही घुंगरंच ऐकत होता ना," बकू म्हणाली.

येसाजीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सगळ्यांसमोर आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही. त्यानं घुंगरं सोडून बाजूला ठेवली. "माझंच पाऊल चुकलं, पोरी," तो म्हणाला. "पुन्हा करतो." आणि तो अनवाणी उठला, कंबरेत वाकला, आणि मान पुढं-मागं करत कोंबडीसारखा ओसरीभर चालू लागला. बकू क्षणभर बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, आणि बापामागं तीही निघाली, मान हलवत. तिच्यामागं मंजुळा, मंजुळेमागं सगळी पोरं. शेवटी कुणीतरी भागोजी कासाराला ओढलं. त्याची मिशी त्या चालीला फार शोभून दिसली.

त्यानंतर येसाजी गपचूप कोपऱ्यात बसून केशराबाईंचं शिकवणं बघू लागला. कुणी चुकलं तर बाई रागावत नाहीत, दमलेल्या पोराला पाणी पाजून बसवतात, आणि एकाला दुसऱ्याच्या मापानं मोजत नाहीत, हे त्याला तेव्हा दिसलं. घरी बकूला तो एवढंच विचारी, "आज मजा आली का?" आली असली तर ती करून दाखवी. नसली तर दोघं मिळून कोंबडीला सतावत.

पुढच्या जत्रेत पहिल्या रांगेत मंजुळाच होती. बकू अगदी मागं, चिल्ल्यापिल्ल्यांच्या घोळक्यात. तिनं दोनदा उलटी गिरकी घेतली आणि मधेच थांबून आईला हात केला. ढोल-ताशांच्या त्या दणदणाटातही येसाजीला तिच्या अनवाणी पावलांची थपथप नेमकी ऐकू आली. त्याचा कान कुठंही गेला नव्हता.

ती घुंगरं आजही भट्टीजवळच्या खुंटीला आहेत म्हणतात. कुणी आईबाप घाईघाईनं लेकरू घेऊन आले आणि "पालखीपुढं कधी?" असं विचारू लागले, की केशराबाई त्यांना सांगत, "आधी येसाजी ओताऱ्याकडं जाऊन या." येसाजी त्यांना गूळपाणी देई, घुंगरं त्यांच्या पायांत बांधी आणि अंगणात एक चक्कर मारायला लावी. चक्कर मारून आलेल्यांची घाई बहुतेक वेळा उतरलेली असे.

बरीच वर्षं गेली. बकूचे पाय लांब आणि घट्ट झाले. एके सकाळी ती आपण होऊन भट्टीपाशी आली आणि म्हणाली, "बाबा, आता मला घुंगरं हवीत. बाईही हो म्हणाल्यात."

येसाजीनं हातातलं काम खाली ठेवलं. जुन्या येसाजीनं लगेच पितळ तोलायला घेतलं असतं. या येसाजीनं विचारलं, "केवढी करू?"

"मला पेलतील एवढी," बकू म्हणाली, आणि भात्याच्या तालावर गिरकी घेत बाहेर पळाली.

तात्पर्य: लेकराला नाच शिकवायला घालण्याआधी त्याचं मन आणि त्याचे पाय ओळखावेत; आपली हौस त्याच्या पायांत बांधली, तर नाच थांबतो आणि नुसता आवाज उरतो.