सगळ्या कचेरीला एकच टर्मिनल

“उद्या दरबार भरला की सगळ्या कचेरीसाठी एकच टर्मिनल निवडून दाखव! आणि एकानेही नाक मुरडलं, तर तुझी नोकरी गेली!”

हट्टेश्वर महाराजांनी सगुणाला हुकूम सोडला. कुंभारवाड्यातून दरबारच्या संगणक-कचेरीत पोचलेली ती पहिलीच मुलगी! टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात हुकूम टंकायचे आणि यंत्राने ते मुकाट्याने पाळायचे. कालव्याची दारं उघडणारा प्रोग्राम तिथेच लिहायचा होता. पण लिहीत होतं कोण? नाचता येईना अंगण वाकडं! कचेरीत प्रत्येकाचं टर्मिनल वेगळं; हा म्हणे, माझी खिडकी सुसाट. तो म्हणे, माझी पारदर्शक.

आणि खरं सांगायचं, तर या भांडणात सगुणाचाच आवाज सर्वांत मोठा होता. तिच्या प्रोग्रामची एक ओळही पुढे सरकली नव्हती. खिडकीचा मोरपंखी रंग मात्र अगदी मनासारखा जमला होता! आता भोगा कर्माची फळं, असं ती स्वतःलाच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने दरबारात संगणकांचे पडदे मांडले. प्रत्येकावर एकेक टर्मिनल उघडलं. सगळ्यांना तोच काळा रंग, तीच पांढरी अक्षरं, आणि वरची नावाची पट्टी झाकलेली. रांग भरायला म्हणून यंत्राबरोबर फुकट येणारं साधं टर्मिनलही ठेवलं. त्याला ती आजवर ‘अडाण्यांची खिडकी’ म्हणत आली होती.

“महाराज, यांच्या जागा तुम्हीच बदला. मलासुद्धा कळता कामा नये!”

महाराजांनी मनसोक्त अदलाबदल केली.

“आता ज्याने त्याने आपापलं ओळखावं!” सगुणा म्हणाली.

कचेरीतले सर्वांत जुने धुंडिराजपंत मिशीला पीळ देत पुढे आले. दोन हुकूम टंकले. “यात काय ओळखायचंय? इतकं सुसाट माझंच!”

पट्टी उघडली. टर्मिनल निघालं त्यांच्या हाडवैऱ्याचं, भिवाजीचं! भिवाजी हसत हसत पुढे झाला आणि तोही तोंडघशी पडला.

“आणि तू गं?” महाराजांनी विचारलं.

हे काही सगुणाने धरलं नव्हतं! तिने टंकून पाहिलं, मान तिरकी केली, डोळे बारीक केले. “हे! ही सफाई दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही!”

पट्टी उघडली. अडाण्यांची खिडकी!

दरबार खो खो हसला. सगुणाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“पण निवड कुठे झाली?” महाराज गरजले.

“झाली की, महाराज! हेच साधं ठेवा. आपला तो बाब्या म्हणणाऱ्याने आधी बाब्या ओळखावा, मग खुशाल नाक मुरडावं!”

धुंडिराजपंत छताची नक्षी न्याहाळू लागले.

“आणि तुझी काही तक्रार?”

“आत्ताच सगळ्यांदेखत त्याच्यावर भाळले, महाराज. आता कोणत्या तोंडाने नाही म्हणू?”

महाराज इतके हसले की पगडी तिरकी झाली. गळ्यातला कंठा काढून त्यांनी सगुणाच्या हातात ठेवला.

“आजपासून कचेरीची प्रमुख तूच! जिला स्वतःचंच ओळखता येत नाही, ती दुसऱ्या कोणाची बाजू काय घेणार!”