मऊ पाठीचा कारभार

आपल्या सूर्यापासून मोजता येणार नाही इतक्या लांब, एका तांबूस ताऱ्याभोवती एक लहानसा ग्रह फिरत असे. त्या ग्रहावर एका डोंगराच्या उतरणीला एक वस्ती होती. तिथे माणसं नव्हती. सहा पायांचे, बुटके, पाठीवर कवच असलेले जीव तिथे राहत. चार पायांवर ते चालत आणि पुढच्या दोन पायांनी हातांची कामं करत. स्वतःला ते 'कवचे' म्हणवून घेत.

कवच्यांचं कवच चांगलंच टणक असे. वरून धोंडा पडला तरी आतल्याला कळायचं नाही. पण दर अकरा वर्षांनी ते कवच उकलून गळून पडे आणि खालून शहाळ्यातल्या मलईसारखी मऊ पाठ उघडी होई. नवं कवच धरायला आपल्या मोजणीने दीडेक वर्ष लागे. तेवढा काळ त्या कवच्याला सगळं लागायचं. ऊन लागायचं, गारठा लागायचा, गवताची काडीसुद्धा लागायची.

या लोकांत राजा नव्हता आणि निवडणूकही नव्हती. कारभार मऊ पाठीच्या एका कवच्याच्या हाती असे. त्याला 'मऊपाठ' म्हणत. त्याची पाठ टणक झाली की त्याने पारावरून उतरायचं आणि ज्याचं कवच सगळ्यांत अलीकडे गळलं असेल त्याने वर बसायचं. मग तो शहाणा असो की साधा, बाई असो की बुवा. टणक पाठीच्यांनी राबायचं, आणि किती राबायचं, ओझं किती उचलायचं, काम कधी थांबवायचं, हे मऊपाठाने ठरवायचं. ज्याला लागतं त्यालाच विचारावं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्यांतही सगळ्यांत मोठा निर्णय खरवाऱ्याचा. पश्चिमेच्या मिठाच्या मैदानावरून कधीकधी बारीक, धारदार कण घेऊन वारा सुटे. तो डोळ्यांना आधी दिसत नसे. येण्यापूर्वी घटकाभर हवा नुसती टोचायची, तीही मऊ पाठीला. मऊपाठाला टोचलं की तो पारावरची मोठी शिळा वाजवी आणि सगळी वस्ती कामं टाकून बिळांत शिरे. टणक पाठीच्यांना वाऱ्याने काही झालं नसतं. पण तान्ह्यांना आणि नुकतंच कवच गळलेल्यांना तो सोलून काढायचा.

मऊपाठ खरोखर मऊ आहे ना, हे पाहायला एक पारखी आजी होती. दर दहा दिवसांनी ती पारावर येई, मऊपाठाला डोळे मिटायला सांगे आणि पाठीवर गवताच्या काड्या टेकवी. "किती?" असं विचारी. आकडा चुकला की उतरायचं. त्यात रडारड नसे, मानापमान नसे.

त्या काळी तिमळा नावाची बाई मऊपाठ होती, आणि तिच्यासारखा कारभार कोणी केला नव्हता असं लोक म्हणत. तिने आल्याआल्या ओझी हलकी केली. भर दुपारचं काम बंद केलं. आणि खालच्या उतरणीला पाणी नव्हतं म्हणून वरच्या झऱ्यापासून पाट खणायला घेतला. आजवर तिथलं पाणी पाठीवरून वाहून न्यावं लागे. पाट अर्धा झाला होता. तिमळा रोज तिथे जाऊन बसे, उतार बघे, धोंडे कुठे बसवायचे ते सांगे. हा पाट तिचा जीव की प्राण झाला होता.

एके सकाळी कड्यावरून एक खडा घरंगळला आणि तिच्या पाठीवर पडला. तिला आवाज ऐकू आला, टक् असा. लागलं मात्र नाही.

तिने पुढचा पाय मागे नेऊन पाठ चाचपली. 

पाटाच्या कामावरचा मुकादम गोदल तिच्या विश्वासातला होता. ती त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "गोदल, माझी पाठ कवच धरायला लागली."

गोदलने हातातली पहार खाली टेकवली. "किती?"

"मधोमध काहीच कळत नाही. कडांना कळतं थोडं."

"परवा पाहणी आहे."

"हो. आणि माझ्यानंतर झिरी बसणार. सहा दिवसांपूर्वीच तिचं कवच गळलंय."

झिरी ही शेवाळ वेचणारी पोर. कोणी मोठ्याने बोललं तरी दोन पावलं मागे सरकणारी.

"तिला पाटाचा उतार कळतो का?" तिमळाने विचारलं.

"तिला शेवाळ कळतं," गोदल म्हणाला.

"मग सांग, पाणी खाली कसं यायचं? दोन महिन्यांचं काम राहिलंय. दोनच महिने. मग मी आपणहून उतरेन."

 गोदलने एवढंच विचारलं, "आजीला फसवायचं?"

"आजीला कशाला फसवायचं? वेळ थोडी पुढे ढकलायची. पाणी कोणासाठी आणतोय आपण? लोकांसाठीच ना?"

गोदलची म्हातारी आई खालच्या उतरणीलाच राहत होती. त्याने होकारार्थी मान हलवली.

पाहणीच्या दिवशी तिमळा डोळे मिटून बसली. गोदल गर्दीत पुढे उभा राहिला. आजीने तीन काड्या टेकवल्या. गोदलने पहार तीनदा हलकेच जमिनीवर टेकवली. आजीला कमी ऐकू येई. इतर लोक आजीच्या हाताकडे बघत होते. तिमळाच्या तळपायांना ते तीन ठोके कळले.

"तीन," ती म्हणाली.

लोकांनी समाधानाने माना डोलावल्या. आपल्याला अजून हीच लाभणार, म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. त्या रात्री तिमळाला झोप आली नाही. पुढच्या पाहणीनंतर थोडी आली. तिसऱ्या पाहणीनंतर ती गाढ झोपली.

पण हळूहळू एक गोष्ट होत गेली, आणि ती तिच्या लक्षात आली नाही. ओझी पुन्हा वाढली. दुपारचं काम परत सुरू झालं. कोणी म्हणालं की ऊन फार आहे, तर तिमळाला नवल वाटे. ऊन कुठे आहे? तिला तर काही लागत नव्हतं. लोक हल्ली फार कुरकुरतात, कामचुकार झालेत, असं तिला वाटू लागलं. एकदा तर ती गोदलला म्हणाली, "यांचे लाड मीच केले." गोदल पहार उचलून कामाला लागला.

चौथ्या पाहणीनंतर तीन दिवसांनी तो दिवस आला. खालच्या उतरणीला एक उघडी पडवी होती. तिथे तान्ह्यांना उन्हात निजवत असत आणि नुकतंच कवच गळलेले त्यांच्यावर लक्ष ठेवत. त्या दिवशी झिरी तिथे होती. दुपारी ती चढण चढून पाटापाशी आली.

"तिमळाताई, वारा टोचतोय."

तिमळा एका मोठ्या धोंड्याकडे बघत होती. त्याच्याभोवती वीसजण दोर लावून उभे होते. ती न वळताच म्हणाली, "मी सकाळपासून उघड्यावर बसलेय. मला नाही टोचत."

"पोरंही रडतायत."

"पोरं रडतातच. तुझी पाठ नवी आहे, झिरी. सुरुवातीला सगळंच टोचतं. हा धोंडा बसला की मीच येते खाली."

झिरी थोडी थांबली. मऊपाठालाच टोचत नाही म्हणजे आपल्यालाच भास होत असणार, असं तिला वाटलं. आपल्या पाठीवरचा तिचा विश्वास उडाला. ती आली तशी खाली गेली.

धोंडा बसायच्या आत पश्चिमेचं आभाळ पिवळं झालं.

तिमळाने धावत जाऊन शिळा वाजवली खरी, पण पडवीपासून बिळं लांब होती. झिरी एकटी होती आणि तान्ही नऊ होती. तिने ती एकेक करून भिंतीच्या कोपऱ्यात ढकलली, त्यांच्यावर आडवी झाली आणि पाठ वाऱ्याकडे केली. वारा फार वेळ नव्हता. आधण यायला लागतो तेवढाच. पण तो ओसरून लोक पडवीत पोचले तेव्हा झिरीच्या पाठीची सालं निघाली होती. दोन तान्ह्यांना ओरखडे होते. बाकीची सात धडधाकट होती.

झिरीला उचलून बिळात नेलं. पालथी घातली. लोक बाहेर जमले आणि एकमेकांची समजूत घालू लागले. "खुद्द मऊपाठाला कळलं नाही, तिथे कोणाचा काय इलाज?" "असा वारा कधी झाला नव्हता." तिमळाला कोणी दोष दिला नाही.

संध्याकाळी ओरखडे आलेल्या त्या दोन पोरांपैकी एकाची आई शेवाळाचा लेप घेऊन तिमळाकडे आली.

"तुम्हीही उघड्यावर होतात, बाई. तुमचीही पाठ सोलली असेल. लावून देते."

तिमळाच्या पाठीवर एक ओरखडाही नव्हता. ती भिंतीला पाठ लावून बसली होती. "मला नको," ती म्हणाली. "झिरीला द्या."

"स्वतःचं सोडून दुसऱ्याचं बघता," ती आई म्हणाली आणि डोळे पुसत गेली.

तिमळा तिथेच बसून राहिली. कोणाला काही कळलेलं नव्हतं आणि कळणारही नव्हतं. पाट महिनाभरात पुरा झाला असता. लोकांनी वर्षानुवर्षं तिचं नाव घेतलं असतं. ती आई मात्र तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

सकाळी पाहणीचा दिवस नसताना तिमळाने शिळा वाजवली. लोक जमले. तिने पारखी आजीला बोलावलं आणि म्हणाली, "आजी, पाठ बघा." मग गोदलकडे पाहून म्हणाली, "तू लांब उभा राहा."

गोदलने पहार पाराच्या पायरीवर आडवी ठेवली आणि तो गर्दीच्या पार मागे गेला.

आजीने काड्या टेकवल्या. "किती?"

"माहीत नाही, आजी."

आजीने आणखी टेकवल्या, जरा जोर लावून. "आता?"

"एकही लागली नाही."

आजीचा हात थांबला. "कधीपासून?"

"चार पाहण्यांपासून. गोदल ठोके देत होता. मीच त्याला सांगितलं होतं. काल झिरीने येऊन सांगितलं की वारा टोचतोय. मी तिला परत पाठवलं."

 मग कालची ती आई पुढे आली. तिचं पोर तिच्या पोटाशी होतं.

"काल मी लेप घेऊन आले, तेव्हा का नाही सांगितलंत?"

तिमळा म्हणाली, "तुम्ही चांगलं बोललात, ते ऐकायला बरं वाटलं. म्हणून."

 ती आई पोराला सावरून मागे सरली. लोकांत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं हाकलून द्या, कोणी म्हणालं पाट तिच्यामुळेच इथवर आला. पण असा गुन्हा पूर्वी कोणी केलाच नव्हता, त्यामुळे त्याला शिक्षाही ठरलेली नव्हती. आजी म्हणाली, "ठरवायचं ते मऊपाठाने. आणि आता मऊपाठ झिरी आहे."

सगळे झिरीच्या बिळापाशी गेले. झिरी पालथीच होती. तिने सगळं ऐकून घेतलं. 

"मला वाटलं माझीच पाठ खोटी सांगतेय," झिरी म्हणाली. "ताई, त्याचं मला जास्त लागलं."

तिमळाने मान खाली घातली.

"पाट तू पुरा कर. मला त्यातलं कळत नाही. पण रोज सकाळी माझ्याकडे यायचं आणि वारा कसा आहे ते विचारायचं. मी थांब म्हटलं की थांबायचं. धोंडा अर्धा वर असला तरी. गोदलनेही तुझ्याबरोबर राबायचं."

तसंच झालं. तिमळा मऊपाठ होती तेव्हा सांगायची, आता ती स्वतः दोर ओढू लागली. झिरी पुष्कळदा काम थांबवी. कधी वाऱ्यासाठी, कधी उन्हासाठी, कधी कोणाचे पाय सुजले म्हणून. महिनाभराचं काम सात महिने चाललं. पण एक दिवस पाणी खालच्या उतरणीला आलं, आणि त्या कामात कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

पुढे वैद्याने झिरीची पाठ तपासली. जखमा भरल्या होत्या, पण वणांच्या जागी कवच कधीच धरणार नव्हतं. ते ऐकून लोक तिच्याकडे आले. म्हणाले, "बरंच झालं की. तुझी पाठ जन्मभर मऊ राहणार. आता तूच कायमची मऊपाठ. पाहणी नको, बदल नको."

आता झिरी कोणी मोठ्याने बोललं तरी मागे सरकत नसे. ती म्हणाली, "पाठ मऊ राहील. पण पारावरून उतरायचं नाही असं एकदा कळलं की मी आतून टणक होईन, आणि तिथे आजीची काडी पोचत नाही. माझं दीड वर्ष झालं की मी उतरणार."

आणि ती उतरली. तिच्या जागी एक तिरसट म्हातारा आला. त्याच्या पहिल्याच दिवशी, कोणी सांगितलं नसताना, तिमळा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"दादा, वारा कसा आहे?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले, पाठ जरा पश्चिमेकडे वळवली. "अजून ठीक आहे," तो म्हणाला. "दुपारी परत विचार."

"विचारते," तिमळा म्हणाली, आणि दोर उचलून कामाला गेली.

तात्पर्य: दुसऱ्याला लागलेलं आपल्याला कळेनासं झालं, की हातातलं काम कितीही चांगलं असलं तरी अधिकाराची जागा सोडावी. काम खाली उतरूनही करता येतं.