पातळ कडी

नदीकाठच्या एका गावात भिकूशेट नावाचा सोनार होता. साखळ्या करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. लोखंडी सळईवर चांदीची तार गुंडाळायची आणि ते वेटोळं बारीक करवतीनं उभं कापायचं, की कड्या सुट्या होत. मग एकेक कडी ओवून तिचा सांधा डाख देऊन जोडायचा.

त्याच्याजवळ काडीएवढी एक सळई वेगळी होती, बापानं दिलेली. "लेकराच्या साखळीत एक कडी हिच्यावरची घाल, पातळ तारेची," बाप सांगून गेला होता. "तिला डाख देऊ नको. साखळी कुठं अडकली तर कडी उघडावी, गळा आवळू नये." भिकूशेटनं ते कायम पाळलं होतं.

दौलती गवळ्याला नवसानं झालेली एकच मुलगी होती, तानी. तिच्या गळ्यातली साखळी एकदा खेळताना सुटून पडली. दौलती तणतणत दुकानात आला. तिथं चार माणसं बसली होती.

"शेट, ही कसली साखळी? पोरीनं ओढली की सुटते."

"ती कडी मी मुद्दाम..." शेट सांगू लागला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," कुणीतरी म्हणालं आणि सगळे खो खो हसले.

झालं. शेटला मिरच्या झोंबल्या. अहो, आणखी दोन वाक्यं बोलला असता तर काय जीभ झडली असती? पण नाही. त्यानं जाड तार घेतली, मोठी सळई घेतली, नवी कडी केली आणि दुप्पट डाख दिला. दोघांना दोन टोकं धरून ओढायला लावलं. साखळी तसूभर ढळली नाही.

"आता नाही ना सुटणार?" दौलतीनं विचारलं.

"बैल जुंपून बघा," शेट ऐटीत म्हणाला.

पेरू पिकले तेव्हा तानी परसातल्या झाडावर चढली. उतरताना तिचा पाय घसरला आणि गळ्यातली साखळी फांदीच्या खुंटात अडकली. आईनं धावत येऊन पोर खाली घेतली, पण तोवर सगळं संपलं होतं.

सुतक फिटल्यावर दौलती दुकानात आला. तो भांडला नाही. त्यानं साखळी शेटपुढं ठेवली.

"शेट, कुठंच तुटली नाही हो," तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होता. ते काय होतं?"

भिकूशेटनं बापाची ती बारीक सळई काढली आणि सगळं सांगितलं. दौलतीनं ती सळई हातात घेऊन पाहिली. या वेळी हसायला दुकानात कुणी नव्हतं.

तात्पर्य: ज्या गोष्टीवर दुसऱ्याचा जीव टांगलेला आहे, ती चारचौघांच्या हसण्याला भिऊन गिळू नये; पुढं कितीही खरं बोललं तरी गेलेला जीव परत येत नाही.