हळदीच्या पाण्यातले खडे

“बाबा, मी सांगण्यात काय कमी केलं होतं, ते तरी सांगा.”

भानुदास पोलीस पाटील गावाबाहेरच्या पिराच्या पायरीवर बसला होता. डोकं तुळतुळीत. सकाळीच रखमाकाकूचा दहावा करून आला होता. आई गेल्यावर त्या काकूनंच त्याला लहानाचा मोठा केला.

पिराची सेवा करणारे मस्तानशा फकीर त्याला पोरवयापासून ओळखत. पाटीलकी मिळाली तेव्हा पहिला नारळ इथं आला होता, मग देवळात.

बाबा चादरीचा उसवलेला काठ शिवत राहिले.

मग भानुदासच बोलत सुटला. दागिने उजळून देणारे भामटे तालुक्यात फिरतायत, असं कळल्याबरोबर त्यानं देवळापुढं सभा घेतली होती. बायाबापड्या, म्हातारेकोतारे, सगळं गाव लोटलं. नुसतं सांगून डोक्यात शिरत नाही, म्हणून त्यानं शेजारच्या वाडीत आधीच फसलेल्या सरूबाईचं सोंग केलं. उपरण्याचा पदर घेतला, लाजत मुरकत दागिने हळदीच्या पाण्यात बुडवले, डबा चुलीवर ठेवला आणि भामट्यांनी सांगितल्याप्रमाणे पाव तासानं उघडून बघितला, तर आत खडे. लोक पोट धरधरून हसले होते.

“एवढं करून ती चंद्रभागा फसलीच.”

चंद्रभागा वरच्या आळीची, एकटी राहणारी विधवा. भामटे गावात शिरले ते आधी तिच्याच दारात. बोरमाळ गेली. बाई आतून कडी घालून गप बसली. एक हाक मारली असती तर गाव धावलं असतं. भामटे निवांत खालच्या आळीत उतरले. तिथं रखमाकाकूनं त्यांचा डाव ओळखला, पाटल्या काही सोडेना. त्यांनी ढकललं. डोकं जात्यावर आपटलं...

“आज संध्याकाळी परत सभा आहे. चंद्रभागेला चारचौघांत उभी करणार. का गप बसलीस, ते सांग म्हणणार.”

“तू विचारलंस तिला?”

“विचारलं.”

“काय म्हणाली?”

भानुदासाची मान खाली गेली.

“म्हणाली, पाटील, सरूबाईनंतर तुम्ही माझं सोंग केलं असतं.”

बाबांची सुई थांबली.

“कर बघू सरूबाईचं सोंग.”

“आत्ता?”

“कर.”

भानुदास उठला. खांद्यावरचं उपरणं डोक्यावर घेतलं. भादरलेल्या डोक्यावरून ते घसरलं. परत घेतलं. तोंड उघडलं...

आवाज काही फुटला नाही. तसाच उभा राहिला, पदर घेऊन.

बाबा आत गेले. उरुसाला निघायची ती पिराची चांदीची धूपदाणी ज्या डब्यात असे, तो डबा घेऊन आले. त्याच्यापुढं ठेवून झाकण काढलं.

धूपदाणी नव्हती. आत तीन खडे, हळदीनं पिवळे झालेले.

“बाबा... हे कधी?”

“तुझ्या सभेच्या आदल्या दिवशी.”

“अहो, मग मला सांगायचं तरी. माझी काकू...”



बाबांनी झाकण लावलं. एकदा नीट बसलं नाही, परत लावलं.

“सांगायलाच उतरलो होतो, बेटा. मागं, पाराला टेकून उभा होतो... गाव फार हसत होतं.”