बकुळीच्या लटक्या माश्या

आमच्या गोष्टीत नगर नाही की राजा नाही. एक हिरवंगार रान आहे, रानातून खळखळणारी नदी आहे आणि नदीकाठी एक इवलीशी झोपडी आहे. झोपडीत बकुळी राहायची आणि तिचे आबा राहायचे. आई गेली तेव्हा बकुळी इतकी लहान होती, की तिला आईचा चेहराही आठवत नव्हता.

आबा बांबूच्या टोपल्या विणायचे. काय त्यांचा हात होता! पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत धुकं उतरलं. आधी टोपलीची वीण दिसेना, मग समोरचं दारही दिसेना. तेव्हापासून बकुळीच टोपल्या विणू लागली. पण बांबू वाकवायला जोर लागतो आणि तिची बोटं तर चिमुकली! वेड्यावाकड्या टोपल्या कोण घेणार? गावात शहाण्यांना तोटा नसतो. ते म्हणत, "पोरीचा हात अजून बसायचाय." एवढं सांगून ते आपापल्या घरी जेवायला जात आणि बकुळी उपाशी परत येई.

आबांना एकच छंद उरला होता, लटक्या माश्यांचा. लटकी माशी म्हणजे काय, ठाऊक आहे? एवढासा गळ घ्यायचा, त्यावर पाखराचं गळलेलं पीस ठेवायचं आणि रेशमाचा दोरा गुंडाळत गुंडाळत पंख, पोट, शेपटी करायची. मग लवलवत्या काठीनं ती पाण्यावर अलगद टेकवायची. माशाला वाटतं, खरीखुरी माशीच बसली! तो झेप घेतो आणि फसतो. आबा कालवणापुरता एक मासा ठेवत, बाकीच्यांना थोपटून पाण्यात सोडून देत.

डोळे गेले तरी आबा रोज दुपारी चाचपडत एक माशी बांधत. ती कसली माशी, जळमटाचा गोळा नुसता! त्याच्याकडे एकाही माशानं ढुंकून पाहिलं नसतं. म्हणून आबांचा डोळा लागला, की बकुळी तो गोळा मडक्यात लपवायची आणि स्वतः नवी माशी बांधून त्यांच्या डबीत ठेवायची. कधी खंड्याच्या निळ्याशार पिसाची, कधी पोपटाच्या हिरव्या पिसाची, तर कधी मोराच्या पिसातल्या चमचमत्या सोनेरी तंतूंची.

सकाळी मासा लागला, की आबा आनंदानं ओरडत, "बकू, बघ! डोळं गेलं, पण हात न्हाई गेला तुझ्या आबाचा!"

"तुमच्यासारखी माशी कुणाला जमतीय, आबा?" बकुळी म्हणायची. आबा त्या एका वाक्यावर दिवस काढायचे.

एका सकाळी आबा जांभळीच्या सावलीत पेंगले होते, म्हणून बकुळीनंच काठी हाती घेतली. तिची निळी माशी पाण्यावर टेकली मात्र, दोरी थरथरली. बकुळीनं हळूच ओढून पाहिलं, तर मासा नव्हताच! बोटाएवढी एक परी गळाला लटकली होती. पंख इंद्रधनुषी, डोळे दवाच्या थेंबांसारखे, आणि चांदण्याचा तलम झगा गळात अडकलेला.

"हलू नका हं, परीताई. झगा फाटंल," बकुळी म्हणाली.

झगा सोडवायचा तर माशी मोडायलाच हवी होती. तीन दुपारी खपून बांधलेली ती माशी, बकुळीची सगळ्यात लाडकी! पण तिनं एकेक फेरा उलगडला, एकेक पीस काढलं आणि परीला मोकळं केलं.

"मला वाटलं, माझी धाकटी बहीणच पाण्यावर उतरली," परी म्हणाली. "कुणी बांधली होती ही?"

"आबांनी," बकुळीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"खोटं! उजव्या हाताचा माणूस दोरा एका बाजूनं गुंडाळतो आणि डावखुरा दुसऱ्या बाजूनं. हे फेरे डाव्या हाताचे होते. आणि आत्ता कुठल्या हातानं सोडवलंस मला?"

बकुळीनं डावा हात पाठीमागे लपवला. मग तिला रडू फुटलं आणि तिनं मडक्याचं, डबीचं, सगळं सगळं सांगून टाकलं.

परीनं तिचे डोळे आपल्या पंखानं पुसले. "माझ्यासाठी तू तुझी लाडकी माशी मोडलीस. एक वर माग. पण नियम ऐक हं. ज्याच्यासाठी मागशील, त्याच्याशी पुन्हा कधी खोटं बोलायचं नाही. एक जरी खोटा शब्द बोललीस, तर दिलेलं परत जाईल."

पऱ्यांचे नियम असेच असतात. आधी सांगतात, पण कळतात मागाहून. काल एकही मासा लागला नव्हता, कालपासून बकुळीच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. तरी ती पटकन म्हणाली, "माझ्या आबांना दिसू दे."

परीनं सोनेरी धूळ उधळली. जांभळीखाली आबांनी डोळे उघडले, नदीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि मग बकुळीकडे. "बकू! केवढी मोठी झालीस गं!" असं म्हणत त्यांनी तिला उचलून गरागरा फिरवलं. दोघंही हसत होती, दोघंही रडत होती.

"थांब, माझ्या माश्या बघू दे!" म्हणून आबांनी कौतुकानं डबी उघडली. आतल्या निळ्या, हिरव्या, सोनेरी माश्या उन्हात लखलखल्या. आबांनी हसत हसत एक माशी फिरवून पाहिली. मग दुसरी पाहिली. मग तिसरी. उभा जन्म विणण्यात गेलेल्या माणसाला डाव्या हाताचा फेरा ओळखायला कितीसा वेळ लागणार?

"बकू, कुणी बांधल्या गं या?"

'तुम्ही' हा शब्द तिच्या जिभेवर तयारच होता. तो म्हटला असता तर डोळ्यांत धुकं परत आलं असतं, पण आबा पुन्हा खूश झाले असते. बकुळीनं डबीकडे पाहिलं, आबांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "मी."

"सगळ्या?"

"सगळ्या, आबा."

"मग माझ्या कुठंयत?"

तिनं झोपडीतून मडकं आणलं. आबांनी ते मांडीवर उपडं केलं. दोन वर्षांच्या दुपारी होत्या त्यात, सगळ्या गोळा झालेल्या.

"यातल्या एकीला तरी मासा लागला का गं?"

"न्हाई, आबा."

तेवढ्यात परी समोर आली. "शाब्बास, बकुळी! खरं बोललीस. म्हणून डोळे राहिले त्यांचे."

"मग आबा असे गप का?" बकुळीनं विचारलं.

"मी डोळे दिले, बाळ. काय दिसावं, ते माझ्या हाती नव्हतं," परी म्हणाली. मग सात रंगांचा लख्ख प्रकाश पडला आणि ती त्यात विरघळून गेली. आबांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

आता झोपडीत सुबत्ता आहे. आबांच्या टोपल्या हातोहात खपतात. बकुळीला पिवळाधमक परकर आहे, दोन वेळा दूधभात आहे. आबा तिची वेणी घालतात, तिला पहिला घास भरवतात. पण काठी त्यांनी आढ्याला खोचून ठेवली, ती ठेवलीच.

एकदा बकुळीला राहवेना. तिनं त्यांचा हात धरला. "आबा, मला रागवा तरी. मी तुम्हाला फसवलं."

आबांनी हातातली टोपली खाली ठेवली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

"कशापायी रागवू, पोरी? तू वाईट काय केलंसच न्हाई," असं म्हणून त्यांनी टोपली पुन्हा उचलली.