लोखंडाचा बाप, लाकडाची लेक

फार पूर्वी चीन देशात, एका डोंगराच्या अलीकडच्या गावात एक लोहार राहत होता. कुऱ्हाडी करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. त्याची कुऱ्हाड रानात शिरली की उभी झाडं हाय खातात, असं लोक म्हणत. अंगाने दणकट, बोलायला कमी, आणि एकदा मनाने घेतलं की घेतलं. असल्या माणसांचं काय होतं ते तुम्ही-आम्ही जाणतोच.

त्याला एकच लेक होती, यूलान. हे तिकडच्या एका झाडाचं नाव आहे. त्याला पानांच्या आधी पांढरी फुलं येतात. तिची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा लोहाराने पोरीला एकट्याने वाढवलं. तिला पेज भरवली, अंगाई म्हटली, वेण्यासुद्धा घातल्या. हातोडा धरणारी राठ बोटं ती, इवल्याशा वेणीपुढे घामाघूम व्हायची. पण एकही दिवस त्याने वेणी चुकवली नाही.

पोर तीन वर्षांची झाली आणि तिला ताप भरला. एक दिवस गेला, दोन गेले, ताप उतरेना. लोहाराच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीला उचलून तो गावच्या ज्योतिष्याकडे गेला.

इथे जरा थांबून सांगतो, नाहीतर पुढे घोटाळा व्हायचा. तिकडचे ज्योतिषी पाच तत्त्वांवरून माणसाचं भविष्य सांगत. पाच म्हटलं की आपल्याला आपली पंचमहाभूतं आठवतात. तिकडचे पाच वेगळे बरं का. लाकूड, आग, माती, धातू आणि पाणी. त्यांत वारा नाही की आकाश नाही. तिकडचे जाणते म्हणत, जगातलं सगळं या पाचांत बसतं. ऋतू, दिशा, चवी, माणसांचे स्वभावसुद्धा. आणि हे पाच एकमेकांना आवरूनही धरतात. पाणी आग विझवतं, आग धातू वितळवते, धातू लाकूड तोडतो, लाकडाची मुळं माती फोडतात आणि माती बांध होऊन पाणी अडवते.

ज्योतिष्याने बापलेकीच्या जन्मवेळा कागदावर मांडल्या, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "तू सगळा धातू आहेस. पोर सगळी लाकूड आहे. आणि धातू लाकूड तोडतो."

दुसऱ्या कुणाला हे सांगितलं असतं तर त्याने चार शंका विचारल्या असत्या. पण हा पडला कुऱ्हाडी करणारा! हातच्या काकणाला आरसा कशाला? आपल्या लोखंडाने लाकडाचं काय होतं, हे त्याच्याहून जास्त कुणी पाहिलं होतं? तो तसाच उठला. ज्योतिषी काही म्हणत होता, पण लोहार तोवर दाराबाहेर पडला होता.

घरी न जाता तो तडक डोंगर चढला आणि पलीकडच्या गावात मेहुणीच्या घरी गेला. पोरीला तिच्या ओटीत घातलं आणि म्हणाला, हिला तूच वाढव, मी आता येणार नाही. कारण सांगितलं, पण पोरीला कधी सांगायचं नाही अशी शपथ घातली. कळलं तर ती हट्ट करून धावत येईल, अशी त्याला भीती होती. दुसऱ्या दिवशी यूलानचा ताप उतरला, तसा मेहुणीचा निरोपही आला. तो उतरणारच होता हो, पोरांचे ताप असेच येतात आणि असेच जातात. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, आणि लोहाराची खात्री पटली की दूर राहण्यातच पोरीचं भलं आहे.

झालं. सोळा वर्षं गेली.

ती कशी गेली, ते ज्याचं जळतं त्याला कळतं. सुरुवातीला गावातल्या बायाबापड्या त्याला दुसरं लग्न कर म्हणून सांगत. त्याने ऐकलं नाही. आपल्याजवळ जो येईल तो तुटेल, हे त्याच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की तो शेजाऱ्यांच्या पोरांनाही भट्टीपाशी उभं राहू देईना. लोक कुऱ्हाड घ्यायला येत आणि कुऱ्हाड घेऊन जात. हळूहळू त्याच्याशी बोलायचं काय, हेच लोकांना सुचेनासं झालं. कधी कधी आठ-आठ दिवस त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. मग आपला आवाज आहे की गेला हे बघायला तो भात्याशी बोले. भाता काय, हो हो म्हणायचा.

डोंगरावरून एक मीठवाला ये-जा करायचा. त्याच्या हाती लोहार मेहुणीकडे कापड पाठवी, अक्रोड पाठवी, वाळवलेली बोरं पाठवी. लोखंडाची साधी सुईसुद्धा त्याने कधी पाठवली नाही. आणि वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या दिवशी, घरोघर माणसं एकत्र जेवायला बसत तेव्हा हा डोंगराच्या माथ्यावर जाऊन उभा राही. तिथून पलीकडचं गाव दिसे. मेहुणीचं घर ओढ्याच्या वळणावर होतं. त्याच्या धुराड्यातून धूर निघताना दिसला की पोर जेवतेय म्हणायचं आणि परत फिरायचं. माथ्याच्या पलीकडे त्याने एक पाऊल टाकलं नाही.

सतराव्या वर्षी, पानगळ संपत आली होती तेव्हा, मीठवाला निरोप घेऊन आला. निरोप खुद्द यूलानचा होता. मावशी गेल्या उन्हाळ्यात वारली होती. मरण्याआधी तिने पोरीचं लग्न नदीपलीकडे, पुष्कळ दिवसांच्या वाटेवर ठरवलं होतं. चौथ्या दिवशी पालखी निघणार होती. तिकडची रीत अशी, की घर सोडताना मुलगी आईबापांना आपल्या हाताने चहा देते. मीठवाल्याने तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले, "आलात तर पेला तुमच्या हातात देईन. नाही आलात तर रिकाम्या खुर्चीपुढे ठेवून निघेन. पुन्हा निरोप धाडणार नाही."

लोहाराची भट्टी त्या दिवशी पेटली नाही. जावं तर पोरीच्या जिवाला धोका, आणि तोही ऐन लग्नाच्या दिवशी. न जावं तर ती जन्माची गेली. दोन दिवस तो येरझाऱ्या घालत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी, सोळा वर्षांत पहिल्यांदा, तो ज्योतिष्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

ज्योतिषी आता पार थकला होता. लोहाराने त्याला विचारलं की एक पेला चहा पिण्यापुरता लेकीसमोर बसलो, तर तिला काही होईल का? म्हाताऱ्याला आधी काही उमगेना. मग लोहाराने सगळं सांगितलं, तापापासून मीठवाल्यापर्यंत. ऐकता ऐकता म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

"धातू लाकूड तोडतो, हे मी म्हणालो," तो म्हणाला. "पण ते अर्धं होतं. पुढचं ऐकायला तू थांबलास कुठे?"

लोहाराने विचारलं, पुढचं काय होतं? म्हाताऱ्याने समजावून सांगितलं. हे पाच एकमेकांना आवरतात, तसे एकमेकांना जन्मही देतात. लाकडातून आग होते. आगीची राख होते, म्हणजे माती. मातीच्या पोटात धातू सापडतो. आणि धातूतून पाणी येतं.

लोहार म्हणाला, उभा जन्म लोखंड ठोकण्यात गेला, त्यातून पाणी निघालेलं मी पाहिलं नाही. म्हाताऱ्याने विचारलं, थंडीत सकाळी तुझी ऐरण कशी असते? ओली असते, लोहार म्हणाला, गंज चढू नये म्हणून मी ती रोज पुसतो.

"तेच ते पाणी. आता सांग, पाणी कुणाला वाढवतं?"

उत्तर शेंबड्या पोरालाही आलं असतं. पाणी झाडाला वाढवतं.

म्हातारा म्हणाला की मी एवढंच सांगणार होतो, तुमच्या दोघांच्या मध्ये थोडं पाणी असू दे. ओढ्याकाठी घर कर आणि बापलेक सुखाने राहा. लोहार संतापला. मग मला गाठून का नाही सांगितलं, असं त्याने विचारलं. म्हातारा म्हणाला, "मला वाटलं, बाईमाणसाविना पोर सांभाळणं जड गेलं म्हणून मावशीकडे ठेवलीस. गावालाही तसंच वाटलं. तू कुणाशी बोललास का कधी?"

लोहार खाली बसला. सोळा वर्षं त्याने ज्याला त्याग म्हटलं होतं, ती नुसती घाई होती. आपण पोरीला वाचवलं नव्हतं, टाकलं होतं, हे त्याला त्या घटकेला कळलं आणि तो लहान मुलासारखा रडला.

म्हाताऱ्याने त्याला रडू दिलं. मग विचारलं, "या पाचांना आपण म्हणतो काय?"

"शिंग," लोहार म्हणाला.

बैलाच्या डोक्यावरचं मनात आणू नका. तिकडच्या भाषेत शिंग म्हणजे चालणं. लोहाराने हा शब्द जन्मभर वापरला होता, बाजाराला चालत जातानाही वापरला होता, पण त्याचा अर्थ त्याच्या कानात कधी शिरला नव्हता.

"या पाच वस्तू नाहीत रे, पाच चाली आहेत," म्हातारा म्हणाला. "पानगळ धातूची, तिच्यामागे हिवाळा पाण्याचा, त्याच्यामागे वसंत लाकडाचा. पानगळ कधी सोळा वर्षं बसून राहिलेली पाहिलीस? ऊठ आता."

लोहार उठला. कामाचे कपडेसुद्धा न बदलता डोंगर चढला. माथ्यावर आल्यावर सवयीने पाय थबकले. तिथे तो नुसता उभा राहिला असता तर ही गोष्ट सांगायचं कारणच उरलं नसतं. त्याने डोळे मिटून पाऊल पुढे टाकलं आणि मग पुढचं आपोआप पडलं. वाटेत एका धनगराच्या झोपडीत पाठ टेकून चौथ्या दिवशी सकाळी तो पलीकडच्या गावात उतरला.

अंगणात लाल पालखी उभी होती. लाल कपड्यांतली एक उंच मुलगी रिकाम्या खुर्चीपुढे चहाचा पेला ठेवत होती. काजळीने माखलेला माणूस दारात पाहून तिला वाटलं, कुणी वाटसरू असेल. तिने त्याला पाणी हवं का म्हणून विचारलं. लेकीने आपल्याला ओळखलं नाही हे लोहाराला लागलं, पण दोष कुणाला देणार?

"मी तुझा बाप," तो म्हणाला.

यूलानने खुर्चीकडे बोट दाखवलं. तो बसला. तिने पेला दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिला, रीतीप्रमाणे वाकली, आणि उभी राहून म्हणाली, "आई माझ्यापायी गेली, म्हणून तुम्हाला माझं तोंड बघवत नाही, असं मला वाटायचं. मावशी विचारलं की रडायची. काही सांगायची नाही."

लोहाराने सगळं सांगितलं. जन्मवेळा, धातू, लाकूड, माथ्यावरून दिसणारा धूर. मग म्हणाला, "मी तुला जपत होतो."

"कुणापासून?"

"माझ्यापासून."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "जपलंत खरं. पण मला हवं होतं का, ते विचारलं नाहीत. मी रोज वाट बघायची, बाबा."

पेला हातात तसाच राहिला आणि चहा निवला. निवलेलाच तो प्यायला, तळाच्या पानांपर्यंत. बाहेर भोई घाई करत होते. पालखी उचलली तेव्हा लोहार तिच्या बाजूने चालू लागला. नदीपर्यंतच्या वाटेत बापलेकीने फार काही बोलून घेतलं असं नाही. सोळा वर्षांचं बोलणं अर्ध्या वाटेत मावत नाही. पोरीने पालखीचा पडदा मात्र बाजूला धरून ठेवला होता.

नदीवर नाव तयार होती. मुलीला नावेत चढवून नावाड्याने लोहाराला विचारलं की तुम्हीही येताय का, जागा आहे. तो चटकन पुढे झाला. मग थांबला. जन्मात पहिल्यांदा त्याने लेकीकडे पाहून विचारलं, "मी येऊ का?"

यूलानने विचार केला. घाई केली नाही. मग म्हणाली, "आज नको. आज मला तुमच्यावर राग आहे. वसंतात या."

नाव निघून गेली. लोहार काठावर एकटाच राहिला, आणि एकटाच डोंगर चढून घरी आला. तो हिवाळा त्याला आधीच्या सोळाही हिवाळ्यांपेक्षा लांब वाटला, कारण आता तो कुणाची तरी वाट बघत होता. वसंत आला तसा तो निघाला. गेला हो, नक्की गेला. पोरीने दार उघडलं, आत घेतलं. पुढे दरवर्षी तो जात राहिला आणि ती बोलत राहिली. पण तिच्या सातव्या वर्षी, दहाव्या वर्षी काय झालं, पहिला दात कधी पडला, रात्री ती कशाला भ्यायची, हे ती सांगायची आणि तो ऐकायचा. ते बघायला मिळालं नाही, ते नाहीच मिळालं.

तात्पर्य: अर्धी गोष्ट ऐकून उठू नये. आणि ज्याच्या भल्यासाठी आपण दूर जातो म्हणतो, त्याला जाण्याआधी एकदा विचारावं.