काळदोर आणि बारशाचे वाळे

एका राज्यात अशी रीत होती, की राजवाड्यातल्या लेकराला जगाचा इतिहास शिकवायचा तो घरातच, आणि शिकवायचा तो आईनेच. त्यासाठी एका मांत्रिकाने काळदोर वळून दिला होता. अंगणभर पसरलेला दोर आणि त्याला हजार गाठी. आईने गाठीवर बोट ठेवून सांगू लागावे, की घडलेली गोष्ट समोर उभी राही. दूरदेशीची गलबते अंगणातून डुलत जात, परक्या राजांचे हत्ती चिंचेखाली विसावत. मांत्रिकाची अट एकच होती, की एकही गाठ न सांगता ओलांडू नये.

राणी हेमलेखा आपल्या नऊ वर्षांच्या कौमुदीला असे शिकवी. दोरात तीन गाठी काळ्या होत्या. सासूबाईंनी मागेच बजावले होते, "त्या गाठी मुलांना नकोत गं. इथे काही घडले नाही म्हणावे आणि पुढे व्हावे." आईचेच काळीज ते, तिलाही पटले. पहिल्या काळ्या गाठीशी राणी तसे म्हणाली, तर कौमुदी आपले लाडके शिंगरू ओळखेना. राणीला वाटले, थट्टा करते आहे. दुसऱ्या गाठीशी म्हणाली, तर ती दाईला ओळखेना. राणीला वाटले, ताप असेल. आणि तिसऱ्या गाठीशी? वाक्य पुरे होते न होते तोच लेकीने मान वर केली.

"बाई, आपण कोण?"

अहो, राणीच्या पायाखालची जमीनच सरकली! तिने टाहो फोडला, तसे महाराज धावत आले. सगळे ऐकून ते पांढरेफटक पडले.

"राणीसाहेब, मलाही माझे लहानपण आठवत नाही. तेव्हा आई कशी होती तेही नाही. मी समजत होतो, सगळ्यांचेच असे असते."

ऐकलेत ना? सिंहासनावर बसलेला माणूस, आणि इतकी वर्षे कुणाला सांगितले नाही, कुणी विचारले नाही!

चिंचेवर एक म्हातारा धनेश पक्षी राहत असे. तो खाली उतरला आणि म्हणाला, "ओलांडलेली गाठ लेकराची तीन वर्षे गिळते. हिची नऊच्या नऊ गेली. ज्यांनी सोसले त्यांच्या तोंडून तिन्ही गाठी ऐक आणि सूर्य मावळायच्या आत हिला सांग. नाही तर ही तुला कधीच ओळखणार नाही. बस माझ्या पाठीवर."

राणी बसली. धनेशाने तिला एका वाळवंटी नगरात नेले. तिथली कोरडी विहीर बोलली, "राजा रुसला आणि त्याने नगराचे पाणी तोडले. माझ्या काठावर माणसे घागरी घेऊन बसली, ती उठलीच नाहीत." राणीने शब्द न् शब्द मनात ठेवला.

मग धनेशाने तिला समुद्राच्या तळाशी नेले. तिथे फुटक्या गलबतातल्या बेड्या बोलल्या, "माणसे विकायला नेत होते. वादळ आले तेव्हा खलाशी होडीत बसून गेले. आमची किल्ली त्यांच्याच कमरेला होती." राणीने तेही शेवटपर्यंत ऐकले.

"आता कुठे?" तिने विचारले.

"आता घरी," धनेश म्हणाला.

त्याने तिला तिच्याच खजिन्यात आणून सोडले. मधोमध चंदनाच्या पेटीत सोन्याचे चिमुकले वाळे होते. राजघराण्यातल्या प्रत्येक बाळाच्या पायात बारशाला हेच वाळे घालत. कौमुदीच्या पायात राणीने स्वतःच्या हाताने घातले होते. वाळे बोलू लागले.

"नीलपुरीच्या सोनाराने आम्हाला आपल्या तान्हीसाठी घडवले. त्या दिवशी तिचे बारसे होते. पाळणा सजला, बायका जमल्या आणि तुमच्या घराण्याची फौज वेशीतून आत आली. हा सारा खजिना तिथला. नगर जळाले. तिचे नाव ठेवायचे राहून गेले."

राणी मटकन खाली बसली. हे वाळे! तिच्या लेकीच्या पायात! पण बाहेर उन्हे उतरली होती, म्हणून ती वाळे हातात घेऊन तशीच उठली.

अंगणात कौमुदी परक्यासारखी अंग चोरून बसली होती. राणीने पहिल्या काळ्या गाठीवर बोट ठेवले आणि विहिरीचे सांगितले. दुसऱ्या गाठीवर ठेवले आणि बेड्यांचे सांगितले. तिसऱ्या गाठीवर ठेवले आणि वाळ्यांचे सांगितले, काही गाळले नाही. अंगणात नीलपुरी जळाली. रिकामा पाळणा हलत राहिला. ओसरीवर महाराज तोंडाला शेला लावून उभे होते.

कौमुदी वाळ्यांकडे बघत राहिली. चिंचेच्या शेंड्यावर उन्हाची शेवटची रेघ उरली.

"मग तिचे नाव कुणी ठेवले, आई?"

राणीने लेकीला पोटाशी धरले आणि ती ढसाढसा रडली. ओसरीवर महाराज विसरलेली अंगाई पुटपुटू लागले.

दुसऱ्या दिवशी खजिन्याच्या गाड्या नीलपुरीला निघाल्या. तगलेल्यांची नातवंडे तिथे झोपड्या बांधून राहत होती. महाराजांनी पागोटे उतरवून पेटारे त्यांच्या पुढ्यात ठेवले. कौमुदीने त्या तान्हीचे नाव ठेवायची त्यांची परवानगी मागितली, मग तिथल्या म्हाताऱ्या बायांनी रिकामा पाळणा बांधला, वाळे आत ठेवले, आणि कौमुदीने पाळण्यात वाकून कुर्र केले. नाव काय ठेवले ते त्या बायांनी ऐकले. त्या राजवाड्यातल्या आया अजून लेकरांना शिकवताना त्या गाठीपाशी थांबतात आणि ते नाव सांगूनच पुढे जातात.